उच्च शिक्षणाच्या पायऱ्या आणि दिव्यांग विद्यार्थी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या पेठांतून पेढे वाटले जातात, गुणवंतांचे सत्कार होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच पेठेत असेही एखादे घर असते, जिथे मुलगी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली असते आणि तरीही आई-वडील चिंतेत असतात. तिच्या पायांत बळ नाही, किंवा तिला दिसत नाही, किंवा कानांवर शब्द पडत नाहीत. "पास झाली, खूप झाले. आता कॉलेजात तिला कोण सांभाळणार?" असा प्रश्न घरात विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्या प्रश्नातच तिचे शिक्षण संपते. मुलीला बुद्धी कमी असते म्हणून नव्हे, तर महाविद्यालयाने तिला काय देणे लागते हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते म्हणून. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

कर्मवीरांचा धडा

या विषयाचा आरंभ कायद्याच्या पुस्तकापासून न करता आपल्याच मातीतून करणे उचित ठरेल. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस सुरू केले. त्या काळी शाळा अस्तित्वात होत्या. शाळेच्या दारावर "गरिबाने येऊ नये" अशी पाटी कोठेही नव्हती. तरीही गरिबाचा मुलगा शाळेत येत नव्हता. कारण शहरात राहायचे कोठे आणि खायचे काय, हा प्रश्न सुटत नव्हता. कर्मवीरांनी ओळखले की दार उघडे असणे आणि दारापर्यंत पोहोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून त्यांनी वसतिगृह काढले, 'कमवा आणि शिका' ही योजना रुजविली. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले, हे आपण सर्व जाणतो.

दिव्यांग विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका असाच आहे. महाविद्यालयाचे दार त्याच्यासाठी बंद नाही. परंतु वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, पुस्तक डोळ्यांनी वाचावे लागते, पेपर तीन तासांतच लिहावा लागतो. कर्मवीरांनी गरिबीची अडचण दूर केली. पायरीची, पुस्तकाची आणि पेपरची अडचण दूर करणे हे आजच्या पिढीचे काम आहे.

कायदा काय सांगतो

भारतात या विषयावरील पहिला व्यापक कायदा १९९५ साली संमत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाचा दिव्यांग हक्कांविषयीचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला व भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. त्या करारास अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सात प्रकारांचे आता एकवीस झाले. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, चलनवलनाचे दिव्यांगत्व यांबरोबरच स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन यांसारख्या स्थितींचाही त्यात समावेश झाला. याचा अर्थ असा की, ज्याच्या हातात काठी नाही किंवा जो चाकाच्या खुर्चीत बसलेला नाही, असाही विद्यार्थी या कायद्याच्या छत्राखाली येऊ शकतो.

ज्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, अशा विद्यार्थ्यासाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवणे या कायद्याच्या कलम ३२ नुसार बंधनकारक आहे. प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेतही त्याला पाच वर्षांची सूट आहे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय असो, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असो, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो किंवा साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय असो, हा नियम कोणा प्राचार्यांच्या मर्जीवर अवलंबून नाही.

परंतु जागा राखून ठेवणे ही केवळ सुरुवात होय. या कायद्याचा खरा गाभा 'वाजवी सोय' या संकल्पनेत आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून, संस्थेवर अवाजवी भार न पडता, जो आवश्यक व योग्य बदल करावा लागतो तो म्हणजे वाजवी सोय.

कापडाच्या व्यवहारातील उदाहरण घेतले तर ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. शाळेचा गणवेश सर्वांना एकाच रंगाचा व एकाच कापडाचा असतो. पण तो सर्वांना एकाच मापाचा शिवत नाहीत. उंच मुलाला अधिक कापड लागते म्हणून त्याच्यावर मेहेरनजर झाली, असे कोणी म्हणत नाही. वाजवी सोय म्हणजे मापाप्रमाणे शिवणे. अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिका तीच, उत्तीर्ण होण्याची कसोटी तीच. बदलते ते केवळ माप.

परीक्षेचा पेपर

सर्वाधिक गैरसमज आहेत ते परीक्षेविषयी. केंद्र शासनाने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र परीक्षार्थीला दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळावयास हवा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटे. लेखनिक घेतला नाही तरीही हा जादा वेळ मिळू शकतो, ही गोष्ट अनेक केंद्रांवर लक्षात घेतली जात नाही. अंध विद्यार्थी, दोन्ही हात बाधित असलेले विद्यार्थी आणि सेरेब्रल पाल्सी असलेले विद्यार्थी यांनी मागणी केल्यास लेखनिक द्यावा. इतरांनी "लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे" असे जिल्हा शल्यचिकित्सकांचे किंवा शासकीय रुग्णालयातील सक्षम अधिकाऱ्यांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र सादर करावे, असे त्या सूचना सांगतात. लेखनिकाची पात्रता किती असावी याचे नियम मात्र वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून चालू वर्षाचा नियम परीक्षा विभागाकडून लेखी घ्यावा. गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये.

चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असेल तर काय? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात दिले. लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार असलेल्या या तरुण डॉक्टरला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने स्पष्ट केले की लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या रेषेवर अडवून ठेवता येणार नाही. त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अवनी प्रकाश या विद्यार्थिनीच्या खटल्याचा निकाल लागला. लेखन अक्षमता असलेल्या या मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत हक्काचा एक तास जादा वेळ दिला गेला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची चूक न्यायालयाने मान्य केली आणि तिच्यावरील अन्याय दूर करण्याचे उपाय शोधण्याचा आदेश दिला. मात्र परीक्षा पुन्हा घेण्यास नकार दिला. या निकालातून पालकांनी घेण्याजोगा बोध असा की, हातून गेलेला एक तास सर्वोच्च न्यायालयदेखील जसाच्या तसा परत देऊ शकत नाही. म्हणून हक्क पेपरच्या आधी मागावा. परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखांशी वाद घालण्यात जो वेळ जातो, तो विद्यार्थ्याचाच जातो.

पुस्तक आणि वाचन

दृष्टिहीन विद्यार्थ्यापुढे दुसरा डोंगर पुस्तकांचा असतो. या बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत मोठी सोय झाली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याने दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूपांतर करण्यास मुभा दिली. मराकेश येथे २०१३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला जून २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे दृष्टिहीनांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी संगणक प्रणाली आता साध्या भ्रमणध्वनीवरही उपलब्ध असते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचे साधन केंद्र २००३ साली सुरू झाले. याच महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली होती. नागरी सेवा परीक्षेत त्यांना ७७३ वा क्रमांक मिळाला; परंतु दृष्टी नसल्याच्या कारणावरून रेल्वे लेखा सेवेत त्यांना घेण्यात आले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि भारतीय प्रशासकीय सेवेत प्रवेश केला. २०१९ मध्ये त्या केरळमधील तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. पण केवळ जिद्दीचे कौतुक करून थांबणे म्हणजे अर्धा हिशेब मांडण्यासारखे होय. बोलणारा संगणक आणि वेगाने लिहिणारा लेखनिक नसता, तर ती जिद्द उत्तरपत्रिकेवर उमटली असती काय, हाही विचार करावयास हवा.

"हे शिक्षण तुला झेपणार नाही"

काही विद्याशाखांची दारे आजही जड आहेत. भारतातील कर्करोगतज्ज्ञांमध्ये अग्रगण्य मानले जाणारे डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला होता. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी दाद मागितली, प्रवेश मिळविला आणि पुढे चाकाच्या खुर्चीत बसून हजारो रुग्णांवर उपचार केले. शासनाने २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. प्रवेश नाकारण्याचा निर्णय कायम राहिला असता, तर तोटा एका विद्यार्थ्याचा झाला असता की असंख्य रुग्णांचा?

तरीही हा प्रश्न २०२४ सालापर्यंत शिल्लक राहिला. आपल्याच राज्यातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा व भाषेचे दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून अधिक आहे, एवढ्याच कारणावरून एम.बी.बी.एस.साठी अपात्र ठरविण्यात आले होते. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ टक्केवारी पाहून विद्यार्थ्याला नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल किंवा नाही, हे तज्ज्ञ मंडळाने प्रत्यक्ष तपासले पाहिजे. टक्के दुखण्याचे मोजता येतात. क्षमतेचे माप त्यात सापडत नाही.

आपल्या भागातील उदाहरणे काय कमी आहेत? सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देते झाले. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. ते अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले असून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही करीत आले आहेत. शेजारच्या कोल्हापुरात, ऐन तारुण्यात चालण्याची शक्ती गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि असंख्य मुला-मुलींच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था केली.

कागदपत्रांची वाट

आता व्यवहाराच्या गोष्टी. पालकांनी या क्रमाने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व 'युडीआयडी' हे ओळखपत्र यांसाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. तपासणी शासनमान्य रुग्णालयात होते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात, तर सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. हे काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावीतच पूर्ण करावे. कारण प्रवेशाच्या वेळी हातात कागद नसेल तर राखीव जागा डोळ्यांदेखत निघून जाते.

दुसरी गोष्ट प्रवेश अर्जाची. अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना असतो. तो संकोचाने रिकामा सोडू नये.

तिसरी गोष्ट पत्राची. प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात प्राचार्यांना लेखी पत्र द्यावे व त्याची पोच घ्यावी. "सहकार्य व्हावे" असे मोघम लिहू नये. तळमजल्यावर वर्ग हवा, पहिल्या बाकावर जागा हवी, टिपणे मोठ्या अक्षरांत किंवा संगणकीय प्रतीत हवीत, परीक्षेला लेखनिक व जादा वेळ हवा, अशी नेमकी यादी द्यावी. व्यापारी मंडळींना हे सांगणे नलगे. मागणी नेमकी असली तरच माल नेमका येतो.

चौथी गोष्ट परीक्षा अर्जाची. महाविद्यालयाला माहीत आहे म्हणजे विद्यापीठाला माहीत आहे, असे समजू नये. प्रत्येक सत्राच्या परीक्षा अर्जाबरोबर लेखनिक व जादा वेळेची मागणी पुन्हा करावी.

पाचवी गोष्ट शिष्यवृत्तीची. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर आणि राज्याच्या महाडीबीटीवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते. अंतिम तारीख पाहून अर्ज करावा. एस.टी.च्या प्रवासातही सवलत मिळते.

आणि सहावी गोष्ट दाद मागण्याची. शासकीय व अनुदानित आस्थापनांत तक्रार निवारण अधिकारी असणे कायद्याने आवश्यक आहे आणि नोंदलेल्या तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी व्हावी, असे कलम २३ सांगते. तेथे न्याय न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

घरातील पायरी

येथवर महाविद्यालयाच्या जबाबदारीविषयी विवेचन झाले. परंतु सर्वांत उंच पायरी कधीकधी आपल्याच घराच्या उंबऱ्यात असते, हे सांगितल्याविना हा विषय पूर्ण होणार नाही. मुलाला कमी ऐकू येते हे चार लोकांत कळले तर मोठ्या बहिणीच्या स्थळाला अडचण येईल, म्हणून प्रमाणपत्रच काढावयाचे नाही, असे घडते. मुलीला अक्षरे उलटसुलट दिसतात हे शिक्षकांनी सांगितले, तर तिला आळशी ठरवून शिक्षकांवरच रागावणारे पालक असतात. मानसिक आजाराचे तर नावही काढले जात नाही. परिणामी मूल दोन ओझी वाहते : एक निसर्गाने दिलेले आणि दुसरे घराने दिलेले लपविण्याचे. कायदा पहिल्या ओझ्यासाठी मदत करू शकतो. दुसरे ओझे उतरविणे फक्त घराच्या हाती असते. जे दुखणे कागदावर येत नाही, त्यासाठी कोणतेही महाविद्यालय सोय करू शकत नाही.

शब्द बदलण्यात आपण मागे राहिलो नाही. 'अपंग' हा शब्द मागे पडला आणि 'दिव्यांग' हा सन्मानाचा शब्द रूढ झाला. परंतु शब्द बदलला आणि जिन्याच्या पायऱ्या तशाच राहिल्या, तर त्या सन्मानाचा उपयोग काय? सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ सालीच संपली आहे.

संस्था म्हणून आपण काय करावे

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा तसाच पुढचा संकल्प करण्याचा प्रसंग असतो. या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. यांतील एकीलाही मोठा निधी लागणार नाही.

समाजातील महाविद्यालयीन युवक-युवतींची लेखनिक म्हणून नावनोंदणी करावी. परीक्षेच्या आदल्या रात्री लेखनिक मिळत नाही म्हणून हवालदिल झालेल्या घराला, मग ते कोणत्याही जातिधर्माचे असो, या यादीतून दोन नावे मिळाली तरी ते मोठे विद्यादान ठरेल. मात्र लेखनिकाने प्रामाणिकपणे, सांगितले तेवढेच लिहावे, हे त्याला आधी नीट समजवावे.

ऑनलाइन अर्ज भरून देण्यासाठी आठवड्यातून एक दिवस जाणकार कार्यकर्ता कार्यालयात बसवावा. शिष्यवृत्तीच्या नियमांत गुणांची अट असेल, तर दिव्यांग विद्यार्थ्यासाठी ती शिथिल करावी. आपल्या सभागृहाला, वसतिगृहाला उतार व हाताला धरावयास कठडा आहे काय आणि चाकाची खुर्ची आत जाईल असे एक तरी स्वच्छतागृह आहे काय, हे पाहावे. आपल्या दुकानांच्या तीन पायऱ्यांकडेही एकदा बारकाईने पाहावे. गिऱ्हाईक कोठून परत फिरते हे त्यातून कळेल.

"एकाला सवलत दिली तर इतरांवर अन्याय होतो," असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तराजूच्या एका पारड्याखाली मुळातच दगड अडकलेला असेल, तर तो दगड काढणे म्हणजे दुसऱ्या पारड्यावर अन्याय नव्हे. दगड काढल्यावरच वजन खरे होते. जादा वेळ, लेखनिक, उतार, सुलभ पुस्तक या गोष्टी गुणांचे दान नाहीत. गुण मोजण्याचा तराजू सरळ करण्याचा तो प्रयत्न आहे.

पुढील वर्षी बारावीचे निकाल लागतील तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन त्या चिंतेत असलेल्या घरीही कोणीतरी जावे. अभिनंदन करून झाल्यावर एवढेच विचारावे : "प्रमाणपत्र काढले का? अर्ज कधी भरायचा? सोबत कोण येणार?" या तीन प्रश्नांनी एका मुलीचे शिक्षण चालू राहील आणि संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याला त्याहून मोठे फळ ते कोणते?